निळा कागद

अ‍ॅस्टोरियाच्या धावपट्टीवर सकाळ उगवत नाही,
नुसतं धुकं जरा पातळ होतं.
नदी समुद्राला मिळते तिथला हा वारा,
खारट, ओला, आणि चिवट;
हँगरचं पितळी कुलूप महिन्याभरात हिरवं करतो.

आज मासेखात्याचं विमान आलंय.
शेपटीकडची झडप उघडली.
आधी उणे, मग अधिक. लावताना उलट.
आर्विड नीमीनं पहिल्या दिवशी शिकवलेलं,
मी मराठीत पाठ केलं, अजून ओठ हलतात.
बॅटरी उचलली,
ओल्या दुपट्यातलं परक्याचं पोर धरावं तशी
अंगापासून लांब.

खाली पेटी. काळा आम्लरोधक रंग, तुकतुकीत.
जरा जास्तच तुकतुकीत.
स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत गेले:
टण, टण, टण,
आणि मागच्या कोपऱ्यात, धप्.
रंगाला पापडासारखा फोड.
नखानं दाबला तर आत पांढरी भुकटी,
पिठीसाखर म्हणावी इतकी मऊ.

लोखंड गंजतं तेव्हा लाल होऊन बोंब मारतं.
अ‍ॅल्युमिनियम मुकाट्यानं पीठ होतं.

आमच्याकडे ताक पितळेत राहिलं की कळकायचं.
कल्हईवाला यायचा, मिरजेच्या त्या बोळात,
भांड्यात उभा राहून, भिंतीला धरून,
पायाखाली वाळू घेऊन कमरेतून गरगर फिरायचा.
आधी घासायचं. मग नवसागर. मग कथील.
मळावर कल्हई धरत नाही, तो म्हणायचा,
धरली तरी ती कल्हई नव्हे, थाप.

लॉगबुक काढलं. मार्चची नोंद:
पेटी सोड्यानं धुतली, लिटमस पाहिला, रंग दिला.
खाली आर्विडची सही, चढावर चालल्यासारखी तिरकी.

वायुनळीत फुंकर मारली, हवा जाईना.
तार घातली तर माती निघाली.
कुंभारणीनं घर बांधलं होतं आत,
आणि वाफ बिचारी कोंडून पत्रा खात बसली होती.
म्हणजे दोष माशीचा.
मी असं दोन-तीन वेळा स्वतःला सांगितलं.

खायचा सोडा पाण्यात कालवला. ब्रशनं लावला.
कोपरा फसफसला. धुतला.
निळा कागद टेकवला: लाल.
पुन्हा सोडा. पुन्हा पाणी. कागद: गुलाबी, कडेला.
गुलाबी म्हणजे नाही.
तिसऱ्यांदा टेकवला आणि हात तिथंच राहिला,

कारण मार्च आठवला.
मी शिडीवर, पंखाजवळ, तोंडात दोन स्क्रू.
खालून आर्विडचा आवाज,
"पोरी, कुठला रंग गं हा?"
वरचे दिवे पिवळे. मी वळलेसुद्धा नाही.
"निळा," म्हटलं, स्क्रूंमधून.
तो "बरं" म्हणाला, आणि रंगाचा डबा उघडल्याचा आवाज आला.

माणूस पन्नास वर्षं हेच काम करत आलेला.
त्यानं कधी कुणाला रंग विचारला होता?

संध्याकाळी फोन केला. एप्रिलमध्येच निवृत्त झालाय,
डोळ्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात.
मी फोडाचं सांगितलं, माशीचं सांगितलं,
मग शिडीचं.
पलीकडे किटली वाजत होती, त्यानं वाजू दिली.
"खड्डा मोजलास?"
मोजला. पत्र्यात जीव आहे अजून.
"मग घास. अगदी उजळेपर्यंत घास.
आणि नळीच्या डब्यातली फेल्ट बदल,
ती सोड्यात भिजवायला विसरतात लोक."
लोक, म्हणाला.

घासलं. अंगठा बधिर होईतो.
धातू उघडा पडला तो आईच्या ताटलीसारखा नव्हता,
खरवडलेला होता, ओबडधोबड.
कागद दारात नेला, दिवसाच्या उजेडात.
निळा. निळाच.

नोंद लिहिली: गंज, कोपरा, खोली, तारीख.
मार्चमध्ये कागद कुणी पाहिला नाही,
याला लॉगबुकात रकाना नाही.
शेऱ्यात लिहिलं, बारीक अक्षरात. माझं नाव घालून.

प्रायमर मारला. मासेखात्याच्या डेल्फिनाचा फोन,
कधी मिळेल विमान, मासे वर चढायला लागलेत.
या हवेत रंग वाळायला दोन दिवस,
मी म्हटलं. ती म्हणाली, मासे थांबत नाहीत.
म्हटलं, रंगही नाही ऐकत.